पासवर्ड बरोबर असूनही ‘चुकीचा’ म्हणतंय, रिसेट केला तरी चार दिवसांनी परत तेच: आधी काय तपासायचं

ज्यांना दर थोड्या दिवसांनी ‘पासवर्ड विसरलात?’ वर क्लिक करावं लागतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. घरात आणि ऑफिसात कुणाचं लॉगिन अडलं की फोन माझ्याकडे येतो, आणि इतकी वर्षं हे बघून माझं ठाम मत झालंय की यातल्या बहुतेकांची स्मरणशक्ती एकदम ठणठणीत असते. पासवर्ड त्यांना आठवत असतो, त्यांनी तो टाकलेलाही असतो, पण सर्व्हरपर्यंत भलतंच काहीतरी पोचतं, किंवा बरोबर पासवर्ड भलत्याच अकाउंटला लावला जातो, नाहीतर दुसरंच एखादं डिव्हाइस मागे बसून जुना पासवर्ड पाठवत राहतं. आणि अशा वेळी माणूस काय करतो, तर रिसेट करतो. रिसेट केला की त्या क्षणी आत जाता येतं म्हणून वाटतं सुटलो, पण मूळ कारण तिथंच असतं आणि वर एक नवा पासवर्ड वाढतो जो एका ठिकाणी सेव्ह होतो आणि दुसऱ्या ठिकाणी होत नाही, म्हणजे पुढच्या वेळचा गोंधळ आजच तयार झाला. म्हणून कळकळीची विनंती, रिसेटचं बटण शेवटी दाबा, आधी थोडा वेळ काढून खालचं सगळं बघा.

पहिली टेस्ट

ब्राउजरची प्रायव्हेट म्हणजे इनकॉग्निटो विंडो उघडा, साइटचा पत्ता स्वतः टाइप करा (मेल किंवा मेसेजमधल्या लिंकवरून अजिबात जाऊ नका) आणि युजरनेम-पासवर्ड दोन्ही हाताने टाका. काही आपोआप भरलं गेलं असेल तर ते पूर्ण खोडून मग टाका. पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचं चिन्ह असेल तर ते दाबून काय टाइप झालंय ते नीट वाचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

आत गेलात तर प्रश्न अर्धा सुटला, तुमचा पासवर्ड बरोबर आहे आणि नेहमीच्या विंडोत कुठलातरी जुना सेव्ह केलेला पासवर्ड भरला जातोय. नाही गेलात तर टायपिंग किंवा अकाउंट यात काहीतरी गडबड आहे. आणि तुम्ही आज एकदाही प्रयत्न केला नसताना ‘खूप वेळा प्रयत्न झालेत, नंतर या’ किंवा ‘अकाउंट लॉक आहे’ असं आलं तर तुमच्याशिवाय आणखी कुणीतरी तिथं पासवर्ड पाठवतंय, आणि ते ‘कुणीतरी’ बहुतेक वेळा तुमचंच एखादं यंत्र असतं. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत म्हणून ही टेस्ट टाळू नका.

जुना पासवर्ड कुठे कुठे बसलाय

आपल्याकडे पासवर्ड साठवायच्या जागा आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. ब्राउजर एक साठवतो, फोन स्वतः वेगळा साठवतो, आणि कुणी वेगळं पासवर्ड मॅनेजर ॲप घेतलं असेल तर तिसरी जागा. तुम्ही पासवर्ड बदलता तेव्हा या तिघांपैकी जो त्या वेळी जागा असतो तो विचारतो, ‘अपडेट करू का?’ आणि आपण घाईत असलो की ती खिडकी फुलीवर दाबून बंद करतो. झालं, आता एका ठिकाणी नवा आणि दोन ठिकाणी जुना. पुढच्या वेळी लॉगिनच्या पानावर चौकट आधीच ठिपक्यांनी भरलेली दिसते, ठिपके सगळे सारखेच, त्यामागे जुना आहे की नवा हे कळायला मार्गच नाही, आणि आपण निवांत ‘लॉगिन’ दाबतो.

अजून एक फार होणारा प्रकार म्हणजे एकाच साइटच्या दोन-तीन नोंदी. साइटचा मुख्य पत्ता वेगळा, लॉगिनच्या पानाचा पत्ता वेगळा, मोबाइल ॲप वेगळं, प्रत्येकासाठी वेगळी नोंद तयार होते आणि तुम्ही एक अपडेट केली तरी बाकीच्या जुन्याच राहतात. युजरनेम एकदा ईमेल म्हणून आणि एकदा मोबाइल नंबर म्हणून सेव्ह झालं असेल तरी हेच होतं.

उपाय जरा कंटाळवाणा आहे पण एकदाच करायचाय. तिन्ही ठिकाणी जाऊन त्या साइटचं नाव सर्च करा. क्रोममध्ये सेटिंगमधल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये सापडेल, आयफोनवर २०२४ च्या आयओएस १८ पासून ‘पासवर्ड्स’ नावाचं वेगळं ॲपच आहे, त्याआधीच्या फोनवर सेटिंगमध्ये असायचं. जितक्या नोंदी सापडतील त्या उघडून बघा, पहिल्या टेस्टमध्ये जो पासवर्ड चालला तेवढी एकच ठेवा आणि बाकीच्या डिलीट करा. मग ठरवा की यापुढे पासवर्ड साठवायची जागा एकच, आणि उरलेल्यांमधला ‘पासवर्ड सेव्ह करू का’ हा पर्याय बंद करून टाका. तिघांपैकी कुठलं ठेवायचं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, माझं मत असं की जे तुमच्या फोनवर आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडे चालतं ते ठेवा, बाकी फरक नंतर बघता येतील.

टाइप करताना होणाऱ्या गडबडी

हाताने टाकूनही आत जाता आलं नाही तर जे टाइप होतंय तिकडे बघायचं. सगळ्यांचं लक्ष पासवर्डवर असतं, मी आधी युजरनेम बघायला सांगते. मागे मावशीचा फोन आला, ‘अगं वहीत लिहिलंय तेच टाकतेय, एकेक अक्षर बघून टाकतेय, तरी चुकीचं म्हणतंय.’ मी म्हटलं, मावशी, ईमेलच्या चौकटीत शेवटच्या अक्षराच्या पुढे बोट ठेव आणि खोडायचं बटण एकदाच दाब, काय होतं सांग. ती म्हणाली, ‘काहीच गेलं नाही गं, नुसती ती उभी रेघ जरा मागे सरकली.’ तीच ती स्पेस. कीबोर्डच्या वरच्या पट्टीत आपला ईमेल सुचवला जातो, त्यावर बोट लावलं की ईमेलसोबत शेवटी एक स्पेस पण येते, दिसत काहीच नाही, आणि चांगल्या साइट्स ती स्पेस स्वतःहून काढून टाकतात पण सगळ्या नाही काढत. वर मेसेज येतो ‘युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे’, दोन्हीपैकी नक्की काय ते सांगत नाहीत. ते मुद्दाम तसं असतं, म्हणजे परक्या माणसाला कुठला अर्धा भाग बरोबर आहे ते कळू नये. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण त्यामुळे आपण पासवर्डच्याच मागे लागतो आणि ईमेलकडे कुणी बघत नाही.

हीच स्पेस कॉपी-पेस्ट करताना पण येते. मेलमधून किंवा चॅटमधून पासवर्ड सिलेक्ट करताना मागची रिकामी जागा किंवा ओळ तुटल्याची खूण सोबत उचलली जाते. नोट्समध्ये लिहून ठेवला असेल तर आणखी वेगळे प्रकार होतात, कारण नोट्सचं ॲप तुमचं लिखाण ‘सुधारायला’ बसलेलं असतं: पहिलं अक्षर कॅपिटल करतं, सरळ अवतरणचिन्हांची वळणदार करतं, दोन छोट्या रेघा शेजारी आल्या तर त्यांची एक लांब रेघ करतं. आपल्या डोळ्याला ते सारखंच दिसतं, कॉम्प्युटरच्या लेखी ती वेगळी चिन्हं आहेत. व्हॉट्सॲपवर पासवर्ड पाठवला आणि त्यात दोन तारे असतील तर मधला मजकूर ठळक होतो आणि तारे गायब, म्हणजे वाचून टाइप करणाऱ्याला ते दिसतच नाहीत. चॅटवर पासवर्ड पाठवूच नये याचं खरं कारण वेगळं आहे, तो मेसेज दोन्हीकडे वर्षानुवर्षं पडून राहतो.

लॅपटॉपवर कॅप्स लॉक तर सगळे बघतात, नम लॉक कुणी बघत नाही, बाजूच्या आकड्यांच्या बटणांनी पासवर्डमधले आकडे टाकत असाल आणि नम लॉक बंद असेल तर आकडे पडतच नाहीत. कीबोर्डची भाषा हे दुसरं. अमेरिकन आणि ब्रिटिश कीबोर्ड मांडणीत ॲटचं चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा अदलाबदल झालेल्या आहेत, त्यामुळे लॅपटॉप सुरू करतानाच्या स्क्रीनवर एक मांडणी आणि आत गेल्यावर दुसरी असं असलं की ज्या पासवर्डात ॲट आहे तो आत चालतो आणि बाहेर चालत नाही. तपासायची सोपी पद्धत म्हणजे ते एकच चिन्ह युजरनेमच्या चौकटीत टाइप करून बघायचं, तिथं दिसतं, मग खोडून टाकायचं. पूर्ण पासवर्ड तिथं टाकू नका, चारचौघात तर नाहीच.

मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांनी एक बघा. त्यावरून ५ टाकला की काही कीबोर्डमध्ये देवनागरी आकडा पडतो, आणि सर्व्हरसाठी देवनागरी आकडा आणि इंग्रजी आकडा ही दोन पूर्ण वेगळी अक्षरं आहेत. ओटीपी बरोबर टाकूनही ‘चुकीचा’ येत असेल तर हे आधी बघा. काही जण पासवर्डच देवनागरीत ठेवतात, कल्पना छान आहे पण मी नको म्हणते. ‘वाऱ्यावर’ मधला ऱ्य युनिकोडमध्ये (म्हणजे कॉम्प्युटर वापरतो त्या सगळ्या भाषांच्या अक्षरांच्या यादीत) दोन प्रकारे लिहिला जाऊ शकतो, एकतर स्वतंत्र ऱ म्हणून, नाहीतर र आणि खाली नुक्ता म्हणजे टिंब असे दोन तुकडे जोडून. दिसायला तंतोतंत सारखं, आणि फोनचा कीबोर्ड एक पाठवू शकतो आणि लॅपटॉपचा दुसरं. शिवाय यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा सुद्धा वेगळी मोजायची, आणि पासवर्ड साठवायला फार ठिकाणी वापरली जाणारी बीक्रिप्ट ही पद्धत ७२ बाइटच्या पुढचं विचारातच घेत नाही, म्हणजे २४ चिन्हांनंतरचं सगळं वाया जाऊ शकतं.

लांबीवरून आठवलं, काही साइटवर नवीन पासवर्डच्या चौकटीला मर्यादा असते आणि त्या ती सांगत नाहीत. तुम्ही २० अक्षरं टाकता, चौकट १६ वरच थांबते, पुढची अक्षरं गप्प टाकून देते, आणि लॉगिनच्या चौकटीला मात्र मर्यादा नसते त्यामुळे तिथं पूर्ण २० जातात आणि जुळत नाहीत. रिसेट केला की लगेच दुसऱ्या मिनिटाला नवा पासवर्ड चुकीचा ठरतो तेव्हा मला सगळ्यात आधी हाच संशय येतो. नवा पासवर्ड टाकताना डोळ्याचं चिन्ह दाबून शेवटची अक्षरं खरोखर पडलीत का ते बघा.

अकाउंटच दुसरं असेल तर

रिसेटचा मेल येतच नाही, स्पॅममध्ये पण नाही, असं असेल तर मेलची वाट बघत बसू नका. साइट म्हणते ‘या ईमेलवर अकाउंट असल्यास मेल पाठवला आहे’, त्यातला ‘असल्यास’ महत्त्वाचा. अकाउंट नसलं तरी हेच वाक्य येतं. तुम्ही नोंदणी दुसऱ्या ईमेलने केली असेल, किंवा ‘गूगलने साइन इन’ असं बटण दाबून आत गेला असाल आणि मग त्या साइटवर तुमचा पासवर्ड असा काही नाहीच. ॲपलच्या बटणाने ‘माझा ईमेल लपवा’ निवडलं असेल तर नोंदणी एका आपोआप तयार केलेल्या लांबलचक पत्त्यावर झालेली असते. शोधायचं कसं, तर तुमच्या सगळ्या मेलबॉक्समध्ये त्या साइटचं नाव टाकून सगळ्यात जुना मेल काढा, तो ज्या पत्त्यावर आलाय तोच तुमच्या अकाउंटचा पत्ता. गूगलने आत गेलेल्यांनी गूगल अकाउंटमधल्या जोडलेल्या ॲप्सची यादी बघा, तिथं साइटचं नाव दिसेल.

पासवर्ड बदलल्यापासून अकाउंट सारखं लॉक होतंय

हा प्रकार माणसाला सगळ्यात जास्त घाबरवतो, कारण वाटतं कुणीतरी हॅक करतंय. ऑफिसातल्या एका वरिष्ठांचं असंच झालं होतं. पासवर्ड बदलला, सकाळी लॉगिन व्यवस्थित, थोड्या वेळाने लॉक, ॲडमिनने उघडून दिलं की परत लॉक. ते दिवसभर एकच सांगत होते की मी पासवर्ड एकदाही चुकवलेला नाही, आणि ते खरं होतं. मी विचारलं, सर, हे अकाउंट अजून कशाकशात घातलेलं आहे? लॅपटॉप, फोन. घरी एखादा जुना फोन वगैरे? ‘अहो नाही, एक जुना टॅब आहे पण तो कोण वापरतंय, मुलं चित्रं काढतात त्यावर.’ त्या टॅबवरच्या मेल ॲपमध्ये ऑफिसचं अकाउंट कधीकाळी टाकलेलं होतं. मेल ॲप दर काही मिनिटांनी सर्व्हरला जाऊन विचारतं नवीन मेल आला का, आणि प्रत्येक वेळी जुना पासवर्ड दाखवतं. सर्व्हरला काय दिसतं, तर याच माणसाच्या नावाने ओळीने चुकीचे पासवर्ड, म्हणून तो दार बंद करतो. त्यांनी घरी फोन करून टॅबचं वाय-फाय बंद करायला सांगितलं आणि लॉक होणं थांबलं. संध्याकाळी टॅबवरून अकाउंट काढून टाकलं, संपला विषय.

म्हणून लॉक होतंय म्हटलं की आधी यादी करा, हे अकाउंट आयुष्यात कुठे कुठे टाकलंय: जुने फोन, टॅब, घरचा कॉम्प्युटर, स्कॅन केलेलं मेलवर पाठवणारा प्रिंटर. युजरनेम-पासवर्ड टाकून जोडायचं वाय-फाय असेल तर ते विसरू नका, फोन खिशात असतानाच जुन्या पासवर्डने जोडायचा प्रयत्न करत राहतो, फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जाऊन ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून नव्याने जोडा. विंडोजवर कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर आहे, त्यात नेटवर्क ड्राइव्हचे वगैरे जुने पासवर्ड बसलेले असतात, ते काढा. कुठलं यंत्र आहे कळत नसेल तर एकेक करून नेट बंद करा आणि प्रत्येकानंतर थोडं थांबा, ज्याच्यानंतर लॉक होणं थांबेल ते सापडलं. ऑफिसचं अकाउंट असेल तर ॲडमिनना चुकीचे प्रयत्न कुठल्या कॉम्प्युटरवरून किंवा कुठल्या आयपीवरून (नेटवरच्या पत्त्यावरून) आले ते लॉगमध्ये दिसतं, ‘अनलॉक करा’ एवढंच न म्हणता ‘कुठून येतंय ते बघून सांगाल का’ असं विचारा.

मेल ॲपवाल्यांसाठी अजून एक. जीमेलने ३० मे २०२२ पासून नुसत्या युजरनेम-पासवर्डवर चालणारी जुनी ॲप्स वैयक्तिक अकाउंटसाठी बंद करायला घेतली, त्यानंतर अशा जुन्या ॲपला गूगलकडून १६ अक्षरी वेगळा ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो आणि त्यासाठी टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर कोडसारखी दुसरी खूण मागणं) चालू असावं लागतं. आणि लोकांना हे माहीत नसतं की गूगल आणि ॲपल दोघांकडेही तुम्ही मुख्य पासवर्ड बदलला की आधी घेतलेले ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात. म्हणजे मुख्य पासवर्ड बदलल्याच्या दिवशी मेल ॲप बंद पडलं तर त्यात नवा मुख्य पासवर्ड कितीही वेळा टाकून उपयोग नाही, नवीन ॲप पासवर्ड काढायचा.

यादीतलं सगळं तपासूनही लॉक होतंय तर मात्र बाहेरचं कुणी असू शकतं. अकाउंटच्या सुरक्षा पानावर लॉगिन झालेली डिव्हाइसेस बघा, अनोळखी दिसलं की सगळीकडून लॉगआउट करा, पासवर्ड बदला, आणि रिकव्हरीचा ईमेल, नंबर कुणी बदललाय का आणि मेल परस्पर दुसरीकडे पाठवायचा नियम लावलाय का तेही बघा. हे शेवटचं फार जण विसरतात. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही साइट आहे, तिथं ईमेल टाकला की तो कुठल्या माहीत असलेल्या डेटा चोरीत सापडलाय ते दिसतं. सापडला आणि तोच पासवर्ड अजून चार ठिकाणी असेल तर त्या चारही ठिकाणी बदला.

ओटीपी आणि ऑथेंटिकेटरचे कोड

एसएमएसचा ओटीपी उशिरा येतो म्हणून आपण ‘परत पाठवा’ दाबतो, परत दाबतो, आणि मग तीन मेसेज एकदम येतात, उलटसुलट क्रमाने. बहुतेक ठिकाणी नवा मागितला की आधीचा बाद होतो, त्यामुळे तुम्ही जो टाकताय तो खरा ओटीपी असूनही चालत नाही. एकदा मागा आणि थांबा. ओटीपी सांगा म्हणून फोन आला तर समोरचा कुणीही असल्याचं सांगो, फोन ठेवून द्या.

ऑथेंटिकेटर म्हणजे फोनवरच लॉगिनचे कोड काढून देणारं ॲप, त्याचे कोड चुकीचे येत असतील तर जवळजवळ नेहमी घड्याळ किंवा जुनी नोंद, दोनपैकी एक. हे ॲप इंटरनेटवरून कोड आणत नाही. क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये आली, ती किल्ली आणि आत्ताची वेळ यांच्यावरून ॲप दर ३० सेकंदांनी नवा कोड काढतं, आणि सर्व्हर आपल्या बाजूने तेच गणित करतो. २०११ मध्ये आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ही पद्धत प्रसिद्ध झाली. म्हणजे फोनचं घड्याळ काही मिनिटं पुढेमागे असलं की दोघांची उत्तरं जुळणार नाहीत. सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू करा, टाइम झोनसकट. टाइम झोनसकट अशासाठी की गणित जागतिक वेळेवर चालतं. झोन चुकीचा आहे आणि तुम्ही काटे हाताने फिरवून स्क्रीनवर बरोबर वेळ आणलीत तर दिसायला सगळं ठीक, पण फोनच्या आतली वेळ काही तासांनी चुकलेली.

दुसरं कारण म्हणजे टू-स्टेप बंद करून परत चालू केलं असेल तर ॲपमध्ये त्याच नावाच्या दोन नोंदी राहतात. जुनी नोंद सुद्धा रुबाबात कोड देत राहते, तिची किल्ली मात्र मेलेली आहे. दोन्ही नोंदींचे कोड आळीपाळीने टाकून बघा आणि जो चालला तो ठेवून दुसरी डिलीट करा, चालतो कुठला याची खात्री झाल्याशिवाय काही डिलीट करू नका.

नवीन फोन घेताना जुना फोन पुसायच्या आधी ऑथेंटिकेटर हलवून घ्या, आणि नंबर सोडायच्या आधी सगळीकडे नवा नंबर टाका कारण सोडलेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. बॅकअप कोड मिळतात ते कागदावर लिहून ठेवा, गूगल १० कोड देतं, प्रत्येकी ८ आकडी, एक कोड एकदाच चालतो. ते फक्त फोनमध्ये ठेवले तर फोन हरवल्यावर कोडही गेले.

रिसेट करायचीच वेळ आली तर

दोन-तीन वेळा मागवलेल्या लिंकपैकी सगळ्यात शेवटची वापरा, बाकीच्या बहुधा बाद असतात. लिंक पहिल्यांदाच उघडली तरी ‘वापरून झाली’ म्हणत असेल तर ऑफिसच्या मेलवर तपासणी करणारी यंत्रणा तुमच्याआधी ती लिंक उघडून बघते आणि एकदाच चालणारी लिंक तिथंच खर्ची पडते, अशा वेळी रिकव्हरीसाठी वैयक्तिक ईमेल लावा किंवा लिंकऐवजी कोडचा पर्याय घ्या. नवा पासवर्ड आधी तुमच्या एकमेव साठवायच्या जागेत तयार करा आणि सेव्ह करा, मग तिथून साइटवर टाका. उलट क्रमाने केलं की सेव्ह करायचं राहून जातं. मग लगेच लॉगआउट करून एकदा आत जाऊन बघा. आणि त्याच बैठकीत फोन, टॅब, मेल ॲप सगळीकडे नवा टाका.

दर दोन-तीन महिन्यांनी सक्तीने पासवर्ड बदलायला लावणाऱ्या ऑफिसांबद्दल मला मनापासून राग आहे, कारण वरचे निम्मे प्रकार त्या सक्तीतून जन्म घेतात. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह आणि ठरावीक मुदतीने बदल, हा सल्ला अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शक सूचनांमधून पसरला, तो लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी एनआयएसटीने सूचना बदलल्या: कारण नसताना ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदला, चिन्हांची सक्ती नको, लांबी असू द्या, आणि चौकटीत पेस्ट करू द्या. तुमच्या ऑफिसात अजून जुना नियम असेल तर आयटीवाल्यांना हे दाखवा, त्यांनाही रोजच्या अनलॉकच्या तक्रारी नकोच असतात.

जिथे पासकीचा (म्हणजे पासवर्डऐवजी फोनवरच्या बोटाच्या ठशाने, चेहऱ्याने किंवा पिनने आत जायचा) पर्याय आहे तिथे तो जरूर घ्या, टाइप करायचंच काही उरत नाही आणि पासकी ज्या साइटची आहे त्याच साइटवर चालते त्यामुळे नकली पानावर फसायची भीती कमी. फक्त तयार करताना ती कुठे सेव्ह होतेय ते वाचा. आयफोनच्या पासवर्डमध्ये सेव्ह केली आणि उद्या विंडोजच्या लॅपटॉपवर शोधली तर तिथं दिसणार नाही, तेव्हा स्क्रीनवरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन करून आत जायचं, दोन्हीकडचं ब्लूटूथ चालू ठेवून.

यातलं काहीच लागू पडलं नाही आणि अकाउंट रिकव्हरीचा फॉर्मच भरायची वेळ आली तर तो रोजच्या फोनवरून किंवा लॅपटॉपवरून, रोजच्या वाय-फायवर बसून, नेहमीच्याच ब्राउजरमधून भरा. ओळखीचं डिव्हाइस आणि ओळखीची जागा याला तिथं वजन असतं. जुने पासवर्ड विचारले तर आठवेल तो सगळ्यात अलीकडचा टाका. आणि एकदा फॉर्म भरला की उत्तर येईपर्यंत दुसरा भरू नका.